काचेमागची बाई आणि ‘अस्सल’ पास्ता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इटलीच्या खाण्यावरचा लेख वाचला. १० डिसेंबर २०२५ ला दिल्लीत युनेस्कोच्या बैठकीत आपली दिवाळी आणि इटलीचा स्वयंपाक एकाच दिवशी वारशाच्या यादीत गेले, त्याचं निमित्त धरून तो लिहिलेला होता. लेखात रोमच्या जुन्या भागातल्या एका हॉटेलाचं वर्णन आहे. दारात रांग, काचेमागे पास्ता लाटत बसलेली ‘नोन्ना’ म्हणजे आजी, आणि आत ‘पिढ्यान् पिढ्यांची अस्सल चव’. शेवटी शाकाहारी वाचकांना सल्ला दिलाय, की तुम्ही काचो ए पेपे हा चीज-मिरीचा पास्ता बिनधास्त मागवा.

मी ऑक्टोबरात अशा हॉटेलात जेवून आले. लेखातलं ते हेच की दुसरं, ते ठरवता आलं नाही, कारण त्या भागात बाई काचेमागे बसवलेली चार हॉटेलं मी एकाच संध्याकाळी मोजली. लेख वाचल्यापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून मोकळी होते.

मी वाळवा तालुक्यात राहते. शिक्षण दहावी, वय ६३. सत्तावीस वर्षं शेवया, कुरडया, सांडगे करून विकते. आधी एकटीच करायचे, आता अकरा जणींचा बचत गट आहे. फेब्रुवारी संपता संपता आमचा हंगाम सुरू होतो तो पहिला वळीव पडेपर्यंत. धाकटी मुलगी नेदरलँडमध्ये आयंधोवनला नोकरी करते, तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि चार दिवस रोम दाखवलं. कलोसियम, व्हॅटिकन सगळं झालं. त्यावर आपल्या पुरवणीत पुष्कळ येतं, मी सांगत बसत नाही.

जेवलो ते काम्पो दे फ्योरी नावाच्या चौकाजवळ. सकाळी तिथे भाजीबाजार भरतो. मधोमध झगा घातलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक काळपट पुतळा आहे, जोर्दानो ब्रूनोचा. त्याला १६०० साली याच चौकात जिवंत जाळलं आणि पुतळा १८८९ मध्ये उभारला, असं मुलीने वाचून दाखवलं. त्याच्या पायाशी पोरं आइस्क्रीम खात बसली होती.

बाजाराला लागून एक वाणसामानाचं दुकान होतं. बाहेर धान्याच्या पारदर्शक पिशव्या मांडलेल्या. एक पिशवी मी नुसती हातात घेतली आणि मुलीला म्हटलं, “अगं, ही खपली!” वर लिहिलं होतं फार्रो. तिने मोबाइलवर ताडून पाहिलं, तर ट्रिटिकम डायकोकम, म्हणजे खपलीचंच शास्त्रीय नाव. आमच्या शेजारच्या शिवारात पिकतं ते धान्य रोमच्या दुकानात बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ह्यांनी किलोचा भाव रुपयांत करून बघितला आणि पिशवी हळूच जागेवर ठेवून दिली.

हॉटेलासमोर पाऊण तास उभं राहावं लागलं. रांग अशी वळवलेली, की प्रत्येकाला त्या काचेसमोरून सरकत जावंच लागतं. काचेमागची बाई पन्नाशीची असेल. पांढरा एप्रन, केसांवर रुमाल. समोर लाकडी फळी, बाळाच्या पाळण्याएवढी तरी लांब-रुंद, आणि हातात दोन हात लांबीचं सरळसोट लाटणं. पिठाचा गोळा लाटत लाटत तिने अख्खी फळी भरून काढली. मग ती पोळी लाटण्यावर गुंडाळायची, दाबत पुढे न्यायची, सोडायची, जरा फिरवून पुन्हा गुंडाळायची. बघता बघता पलीकडची फळी दिसायला लागली, इतकी ती पातळ झाली. वरून पीठ भुरभुरून घड्या घातल्या, सुरीने करंगळीपेक्षा अरुंद पट्ट्या कापल्या, दोन्ही हातांनी उधळून मोकळ्या केल्या आणि एकेक मूठ गोल फिरवून पाखराच्या घरट्यासारखी ताटात ठेवली. त्याला फेत्तुच्चिने म्हणतात.

पास्त्यातलं हिला काय कळतंय असं कुणी म्हणेल, पण पिठावरचा हात मला कळतो. तो हात पक्का होता. सुरी पडत होती ती न बघता, आणि पट्ट्या मोजून घ्याव्यात अशा सारख्या.

लोक मोबाइल काचेला टेकवून व्हिडिओ काढत होते. एका बाईने आपलं लेकरू काचेशी उभं करून फोटो काढला, मागे ही. ती एकदाही मान वर करत नव्हती. ते मला ओळखीचं वाटलं. हातावरच्या शेवया ओढताना कुणी बघायला आलं की आम्हीही वर बघत नाही. लक्ष हललं की तार तुटते. पण आमच्याकडे बघायला येणारी असते ती शेजारीण, आणि दोन मिनिटांत तीही पदर खोचून बसते. इथे बघणारे संपतच नव्हते. बाई बसली होती ते स्टूल बिनपाठीचं होतं. डोक्यावर उजेडाचे तीन दिवे, तिच्यासाठी नव्हेत, फळीसाठी. उजव्या मनगटाला चामड्याच्या रंगाचा पट्टा होता, बाहीखाली अर्धा झाकलेला. फोटो काढणाऱ्यांना तो दिसला नसेल. मी रांगेत तिथे पोचले तेव्हा पहिल्यांदा तोच बघितला, कारण तसाच पट्टा मार्च ते मे माझ्या हाताला असतो.

आत गेल्यावर खाण्याचा प्रश्न आला. आमच्या घरात माळ आहे, मांस-मासे-अंडं चालत नाही. मुलगी इंग्रजीतून समजावत होती तेवढ्यात वाढणारा मुलगाच हिंदीत म्हणाला, “आंटी, इंडिया से?” तो बांगलादेशातल्या शरियतपूर जिल्ह्यातला. रोममध्ये बांगलादेशी माणसं पुष्कळ आहेत, हॉटेलांच्या भटारखान्यात आणि बाहेर वाढायलाही. तिखटाशी नातं असलेलं गिऱ्हाईक मिळाल्याचा त्याला आनंद झालेला दिसला. मेनूवर बोट ठेवत त्याने एकेक उलगडून सांगितलं.

रोमचे म्हणून चार पास्ते नावाजलेले. कार्बोनारामध्ये अंडं आणि ग्वांच्याले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवून मुरवलेलं मांस. आमात्रिचानामध्ये टोमॅटो, पण ग्वांच्याले आहेच. ग्रिचा म्हणजे टोमॅटो वगळलेली आमात्रिचाना. राहिला काचो ए पेपे, त्यात नुसतं चीज आणि मिरी. मी म्हटलं, मग तोच दे. तर तो जरा घुटमळला. म्हणाला, त्यातलं पेकोरीनो रोमानो हे चीज मेंढीच्या दुधाचं असतं आणि ते दूध कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवतात. “सब लोग खाते हैं, गाइड भी वेज बोलता है. आपने पूछा इसलिए बताया.” पार्मेजानो चीजची गोष्ट तीच, फक्त तिथे कोकराऐवजी वासरू.

तेव्हा संपादक महाशय, ‘बिनधास्त’ हा शब्द तेवढा मागे घ्या. ज्यांना चालतं त्यांनी पोटभर खावं, माझा काही उपदेश नाही. पण आपल्याकडे चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्यायची सवय लागलेली असते आणि तसा ठिपका तिकडे नसतो. जैन मंडळी, माळकरी मंडळी आपल्या लेखावर विसंबून तिकडे जातील आणि कळल्यावर चुटपुटत बसतील. जाता जाता आणखी एक : नाव रोमचं असलं तरी पेकोरीनो रोमानो बहुतेक सगळं बनतं सार्दिनिया बेटावर. हे कळल्यावर ह्यांना आमच्याकडे मिळणारी ‘मथुरा’ पेढ्याची बरणी आठवली.

मग मी म्हटलं, बाहेर ती बाई करतेय तेच दे, वर टोमॅटो घाल. त्यावर तो पोरगा हसला. त्यात अंडं. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं असं तिकडचं घरगुती प्रमाण आहे म्हणे. म्हणजे जिचा हात बघत पाऊण तास उभे राहिलो, त्या हातचं आम्हाला खाताच येईना. ह्यांना असं हसू फुटलं, की शेजारच्या टेबलावरची मंडळी बघायला लागली.

शेवटी पेन्ने आल्ल आर्राब्याता आला. आर्राब्याता म्हणजे रागावलेला. टोमॅटो, लसूण, तेल आणि लाल मिरची. चीज नको म्हणून दोनदा सांगितलं. राग लटकाच होता, आमच्याकडच्या मेथीच्या भाजीतसुद्धा याहून जास्त मिरची असते. पण पास्ता! पहिला घास कच्चा वाटला. दुसऱ्या घासाला उमगलं, की शेवयांचा उपमा करताना मी ज्यासाठी जीव टाकते तेच यांनी साधलंय. दाताला कळली पाहिजे, पण मोडता कामा नये. शेवयांचा लगदा झाला की मी ते भांडं कुणाला दाखवत नाही. रसाही वाटीभर ओतलेला नव्हता, जेवढा पास्त्याला धरून राहील तेवढाच. ताटलीत शेवटी टोमॅटोचा एक लाल ओरखडा उरला, तो मी पावाने पुसून खाल्ला.

मुलीला मात्र वाईट वाटत होतं, की आईला पाकिटातला सुका पास्ता मिळाला. पण तो पोरगा म्हणाला, आर्राब्याताला सुकाच लागतो, आणि कार्बोनारा, आमात्रिचानासुद्धा रोमची माणसं घरी बहुतेक सुक्या पास्त्याचीच करतात. अंडं घातलेला ओला पास्ता हे मुख्यतः उत्तरेकडचं, बोलोन्याकडचं कौतुक. रोममध्ये फेत्तुच्चिने असायचे ते रविवारच्या जेवणाला. म्हणजे काचेतली बाई बघून आत येणारा माणूस ‘ताजं ते खरं, पाकिटातलं खोटं’ असं धरून बसतो, आणि ज्या पदार्थांसाठी तो येतो ते पदार्थ वाढलेत सुक्यावर. इटलीत १९६७ पासून कायदा आहे, की सुका पास्ता दुरुम गव्हाच्या रव्याचाच करायचा. दुरुम म्हणजे आपला बन्सी. शेवयांना बन्सी का लागतो हे माझ्या सासूने मला एका वाक्यात शिकवलं होतं : “साध्या गव्हाची शेवई पाण्यात रडते.” इटलीने त्याचा कायदा केला, एवढंच.

आमच्या टेबलावरच्या भिंतीला एक जुना काळा-पांढरा फोटो होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना बांबू आडवे टाकलेत आणि त्यांवर लांबच लांब पास्ता वाळत घातलाय, मधून माणसं चाललीत. खाली गाव लिहिलं होतं ग्रान्यानो. नेपल्सच्या खाली आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये असल्यामुळे वारा योग्य मिळतो, त्यावर ते गाव सुका पास्ता करून नावारूपाला आलं. मी त्या फोटोकडे बघतच राहिले. उन्हाळ्यात आमच्या माळवदावर याच काठ्या असतात, बाजेच्या पायांना बांधलेल्या, आणि त्यांवर याच तारा. आम्ही पातळ सुती कापड झाकायचो, कारण चिमण्या. त्या फोटोतही कोपऱ्यात एक पोर काठी घेऊन उभं होतं, ते कशासाठी ते मला कुणी सांगायला नको.

अस्सल म्हणजे फार जुनं असंही आपण धरून चालतो. कार्बोनारा हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धाआधी कुणाला फारसा ठाऊक नव्हता. इटलीत त्याची कृती छापून आली ती १९५४ मध्ये, आणि तीत चीज होतं स्वित्झर्लंडकडचं ग्रुयेर. आमचे हेही १९५४ चेच. मुलगी त्यांना दोन दिवस ‘बाबा कार्बोनारा’ म्हणत होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

आम्ही आत तासभर तरी बसलो. आमच्या जागेवरून बाईची पाठ आणि तिच्याकडची ताटं दिसत होती. सवयीने मी मोजायला लागले. तासाभरात तिने चार ताटं भरली, एका ताटात पंधरा घरटी. म्हणजे साठ, आणि एका माणसाला एक घरटं धरलं तर साठ ताटल्या. त्याच वेळात आमच्याच खोलीत माझ्या डोळ्यांसमोर सत्तरएक ताटल्या फिरल्या असतील, त्यांत निम्म्या तरी फेत्तुच्चिनेच्या. शिवाय मागे आणखी एक खोली आणि बाहेर रस्त्यावर बारा टेबलं. त्यात तिची चारपैकी तीन ताटं तशीच फळीच्या कडेला रचलेली, आत गेलीच नव्हती. त्यांच्यावर दिव्याचा उजेड चांगला पडत होता.

त्या पोराला मी सरळ विचारलं. त्याने आधी इकडेतिकडे बघून घेतलं, मग हळू आवाजात म्हणाला, खाली तळघरात मशीन आहे. ओला पास्ता मशीनवर निघतो, आणि चांगला निघतो. बाईचाही थोडा वापरतात, फेकत नाहीत. ती नोन्ना नाही, तिला नातवंडं नाहीत, ती रुमानियाची आहे, सहा वर्षांपूर्वी रोममध्ये आली आणि पास्ता लाटायला इथेच शिकली. आत चुलीपाशी पास्ता परततोय तो त्याच्याच गावाकडचा मुलगा.

यात मला काही वावगं वाटलं नाही. शरियतपूरच्या पोराने रोमचा पास्ता नीट शिजवला तर तो नीटच शिजलेला असतो, आणि रुमानियाच्या बाईचा हात मी डोळ्यांनी बघितलेला आहे. मशीनचंही मला वावडं नाही, माझं पोट मशीनवर भरतं. खटकलं ते असं, की तिच्या कामाला गिऱ्हाइकाच्या ताटात जागा नव्हती. तिचं काम रांग वाढवणं. तेवढ्यासाठी मनगटाला पट्टा.

बिल आलं त्यात माझ्या ताटलीचे १३ युरो, म्हणजे तेराशे रुपयांच्या वर. पाणी वेगळं. आणि ‘पाने’ म्हणून माणशी दोन युरो, म्हणजे पावाचे. तिकडे बाकी इटलीत बसण्याचे म्हणून कोपेर्तो लावतात. रोम ज्या लात्सियो प्रांतात येतं तिथे २००६ च्या कायद्याने तो बंद केला, म्हणून टोपलीतल्या पावाचे पैसे घेतात. पाव नको असेल तर टोपली आली की लगेच परत करायची. हेही आपल्या लेखात यायला हवं होतं. पाण्याला मात्र रोममध्ये मरण नाही, गल्लोगल्ली लोखंडी नळ चोवीस तास वाहतात आणि पाणी गार, गोड.

आम्ही निघालो तेव्हा काचेमागे कुणी नव्हतं. बाजूच्या बोळात पायरीवर ती बसली होती, सिगारेट ओढत. दुसरा हात मांडीवर ठेवून मुठीची उघडझाप करत होती. तो पोरगा कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आला होता, त्याने तिला इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं, बहुतेक हीसुद्धा हेच काम करते असं. तिने माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, हातांकडे बघितलं. सिगारेट पायरीवर ठेवली, माझा उजवा हात घेतला, उलटा केला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. तिथे माझी गाठ आहे. नेमकी तिथेच दाबलं.

मग मी मोबाइलवर आमच्या हंगामातला व्हिडिओ दाखवला. आमच्या गटातल्या दोघी वळवट करतात, गव्हले, नखुल्या, मालत्या, फणुल्या, लग्नाच्या रुखवतासाठी. फणुली करताना पिठाची गोळी नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळतात म्हणजे तिच्यावर रेषा उठतात. ते आल्यावर तिने ‘आ’ केला, व्हिडिओ मागे घ्यायला लावला, आणि बोटांनी हवेत तेच करून दाखवलं. पोरगा म्हणाला, इकडे गार्गानेल्ली नावाचा पास्ता असतो, तोही फणीवरच वळतात. नखुलीचंही त्यांच्याकडे काहीतरी असतं, अंगठ्याने ओढून कानाच्या पाळीसारखं करतात, दक्षिणेत. मी सांगितलं, आम्ही याची खीर करतो. गोड म्हटल्यावर तिने नाक मुरडलं.

तिने विचारलं, दिवसाला किती तास? हंगामात दहा, म्हटलं. तिने आठ बोटं दाखवली. मग व्हिडिओतल्या आमच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून, हाताच्या पेरांनी हवेत टकटक केलं, काचेवर करतात तसं, आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही, काच नाही. इतक्यात आतून तिला हाक आली.

परत आल्यावर हे सगळं मी गटात सांगितलं तेव्हा हसलो आम्ही पुष्कळ, पण एक जण हसली नाही. ती दोन वर्षं महामार्गावरच्या एका हॉटेलात भाकरी करायला जात होती. दारातच चूल. नऊवारी, नथ, हिरव्या बांगड्या. घरी ती साधी गोल साडी नेसते. नऊवारी नेसायला तिला मालकाच्या सुनेने मोबाइलवर बघून शिकवलं. ‘चुलीवरची भाकरी’ असा बोर्ड, आणि गाड्या थांबायच्या त्या तिला बघून. भाकऱ्या मात्र निम्म्याहून जास्त आत गॅसवर निघायच्या, दोन पोरं थापायची. “मावशी, इकडे बघा, हसा की” असं म्हणत लोक फोटो काढायचे. धूर डोळ्यांत असताना हसायचं कसं, ते ज्याने चूल फुंकली त्याला माहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं चुलीपुढे बसायचं नाही. हॉटेलात कळवलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे तीच नथ घालून दुसरी बाई बसलेली होती. नथ हॉटेलची होती.

आपल्या पुरवणीत अशा हॉटेलांविषयीही येतं. हुरडा पार्टी, कृषी पर्यटन, ‘गावाकडची चव’. फोटोत चुलीपुढची बाई हमखास असते आणि फोटोखाली हॉटेलाचं नाव असतं. मालकाचं नाव लेखात येतं, त्याच्या वडिलांनी किती साली धंदा सुरू केला ते येतं. बाईचं नाव मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. आपल्या लेखकांनी जेवून झाल्यावर पाच मिनिटं तिच्यापाशी बसावं. किती वेळ बसते, मध्ये उठायला मिळतं का, चुलीला धुराडं आहे का, हाताला काय पडतं आणि ती करते ते ताटात येतं का, एवढं विचारावं. मग खुशाल अस्सल लिहावं.

हे लिहिताना मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, तेही सांगून टाकते. आमच्या पाकिटांवर ‘हातच्या शेवया’ आणि ‘मशीनच्या शेवया’ असं वेगवेगळं छापतो, भावही वेगळा. हातच्या दुपटीने महाग. पण २०१९ च्या महापुरात आमच्या खोलीत पाणी शिरलं, रवा गेला, पाट गेले, मशीनची मोटार गेली. त्यानंतर एका हंगामात पुण्याच्या एका दुकानाने सांगितलं, की सगळ्याच पाकिटांवर ‘हातच्या’ छापा, नाहीतर माल उठणार नाही. आम्ही छापलं. दीडशे किलो गेल्या. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, उलट एका बाईंनी फोन करून सांगितलं, की आजीच्या हाताची चव आठवली. त्या फोनवर काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी छपाई पुन्हा वेगळी केली आणि ते दुकान सुटलं.

पत्र फार लांबलं. कापावं लागलं तर माझं रोमचं वर्णन कापा, रेनेटचं आणि चुलीपुढच्या बाईचं ठेवा. आणि कृपा करून माझं नाव आणि गाव छापू नका. ते महामार्गावरचं हॉटेल दर एप्रिलमध्ये आमच्या गटाकडून चाळीस किलो शेवया उचलतं.

आपली,
एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली